सिंगापूर स्टडी टूरचा तिसरा दिवस: बॅरेजपासून रात्रीच्या नदीकाठापर्यंत

नांदेडहून आमच्या कॉलेजची सिव्हिलची फायनल इयरची पोरंपोरी, दोन सर आणि एक मॅडम असे आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी सिंगापूरला जाऊन आलो, चार रात्री पाच दिवस, आणि परत आल्यापासून ज्युनिअर लोक रोज विचारायलेत की कसं होतं, पैसे वसूल होतेत का, रात्री बाहेर फिरू देतेत का. सगळ्या पाच दिवसांचं लिहीत बसलो तर कुणी वाचणार नाही, म्हणून फक्त तिसऱ्या दिवसाचं लिहितो, कारण सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट दोन्ही त्याच एका दिवसात बघितलं. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम घेत नाही, दुसऱ्या कॉलेजच्या मित्रांना विचारलं तर त्यांचं वेळापत्रकही जवळपास असंच होतं, म्हणजे हा एकट्याचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे.

आधी पैशाचं सांगतो म्हणजे बोलायला बरं. आम्हाला माणशी ७८ हजार पडले, हैदराबाद ते हैदराबाद, त्यात विमान, व्हिसा, हॉटेल, नाश्ता, एक वेळचं जेवण आणि बस. नांदेड ते हैदराबाद आपल्या खर्चानं. माझे पैसे दादांनी सोयाबीन विकून दिले, त्यामुळं तिथं गेल्यावर प्रत्येक तासाचा हिशोब डोक्यात चालूच होता आणि त्याच हिशोबानं हे लिहायलोय.

सकाळी साडेआठला बस निघाली. पहिली व्हिजिट सिंगापूर सिटी गॅलरी, मॅक्सवेल रोडवर त्यांच्या शहर नियोजनाच्या ऑफिसच्याच इमारतीत आहे आणि एन्ट्री फ्री आहे. आत शहराच्या मधल्या भागाचं एवढं मोठं मॉडेल आहे की आमचा अख्खा ग्रुप चारी बाजूनं उभा राहिला तरी गर्दी वाटली नाही, एकेक बिल्डिंग, एकेक रस्ता, पूल, सगळं मापात. टाऊन प्लॅनिंगचा पेपर आम्ही पाठ करून दिला होता, लँड यूज झोनिंग म्हणजे काय ते पाच मार्कांपुरतं येत होतं, पण हे मॉडेल बघितल्यावर कळलं की ही माणसं पन्नास-पन्नास वर्षं पुढचा विचार करून जागा राखून ठेवतेत. १९७१ ला त्यांनी पहिला कॉन्सेप्ट प्लॅन, म्हणजे जागा कशी वापरायची त्याचा लांबचा आराखडा, केला होता आणि आज जिथं मरीना बेची ती तीन टॉवरवाली प्रसिद्ध बिल्डिंग उभी आहे तो सगळा भाग समुद्रात भर टाकून केलेला आहे. आमच्या एकट्या नांदेड जिल्ह्यात दहाच्या वर सिंगापूर बसतील, म्हणजे जागा त्यांना किती कमी आणि त्या कमी जागेत पाण्यासाठी किती जागा सोडली ते बघा. सव्वा तास दिला होता, पुरला. ही व्हिजिट पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क फक्त यासाठी कापला की आमच्यासोबतच्या गाईडला प्लॅनिंगमधलं फारसं माहीत नव्हतं, जे कळलं ते सगळं भिंतीवरचं वाचून कळलं. जाणाऱ्यांनी वही घेऊन जा, फोटो काढून नंतर वाचू म्हणता आणि नंतर कुणी वाचत नाही.

दुपारचं जेवण समोरच्याच मॅक्सवेल फूड सेंटरला, हे टूरमध्ये नव्हतं, आपल्या खिशातनं. हॉकर सेंटर म्हणजे मोठ्या शेडखाली ओळीनं छोटे छोटे गाळे आणि मधे टेबलं, ऑफिसवाले, म्हातारी माणसं, मजूर सगळे एकाच टेबलावर बसून खातेत. २०२० ला युनेस्कोनं तिथल्या या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलंय आणि तिथं बसल्यावर ते पटतं. पहिल्यांदा गेल्यावर एक गोष्ट कळत नाही, रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट पडलेलं असतं आणि आपल्याला वाटतं कुणीतरी विसरलं, तर तसं नसतंय, ते टेबल कुणीतरी धरलेलं असतंय, आपण एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतो तसंच. आणि खाऊन झालं की ताट आपण उचलून ठेवायचं, नाही ठेवलं तर दंड होऊ शकतो, कुणी सांगायच्या आधीच उचला. मी चिकन राईस खाल्ला, साधा उकडलेल्या चिकनचा भात, पण भात चिकनच्याच पाण्यात शिजवलेला असतो त्यामुळं नुसता भातसुद्धा खावासा वाटतो. मसाला नसतो, बाजूला मिरचीची लाल चटणी देतेत, ती घ्या. शाकाहारी लोकांची तिथं पंचाईत झाली हे खरं आहे, आमच्यातल्या चारपाच जणांनी फळं आणि उसाचा रस यावर दुपार काढली. रस मात्र एक नंबर, लिंबू पिळून देतेत, दोन डॉलरच्या आसपास, डॉलर म्हणजे तेव्हा साधारण पासष्ट-सत्तर रुपये धरा. आपल्या रसवंतीसारखा घुंगराचा आवाज नाही, लोखंडी पेटीसारखं मशीन, ऊस आत जातो आणि रस खाली येतो, पण पहिला घोट घेतला की उन्हाळ्यातली स्टँडवरची रसवंतीच आठवते.

आता वाईट भाग. जेवण झाल्यावर बस सरळ बॅरेजला, म्हणजे समुद्राला लागून दरवाजे टाकून पाणी अडवलंय त्या बंधाऱ्याला, जायला पाहिजे होती, वेळापत्रकात दोन वाजता 'टेक्निकल व्हिजिट' असं लिहिलेलं होतं. त्याच्याऐवजी बस एका चॉकलेट आणि परफ्युमच्या दुकानाला नेली, वीस मिनिटं म्हणाले आणि एक तास चाळीस मिनिटं तिथं गेली. दुकानात एसी, गोड गोड बोलणारी माणसं, तीन बॉक्सवर एक फ्री, आणि आमचा गाईड काउंटरजवळ खुर्ची टाकून निवांत. आमच्या सरांनी दोनदा जाऊन सांगितलं की मुलांना बॅरेज बघायचंय, तर म्हणे अजून काही जणांचं बिलिंग व्हायचंय. बाहेर तोपर्यंत जोरात पाऊस येऊन गेला. मी घड्याळ बघत उभा होतो आणि मला खरंच राग येत होता, कारण या अख्ख्या टूरमध्ये मी ज्या एका गोष्टीसाठी नाव दिलं होतं ती मरीना बॅरेज होती. ज्युनिअर लोकांनो, पैसे भरायच्या आधी सरांकडून लेखी घ्यायला लावा की शॉपिंगचा थांबा किती मिनिटांचा आणि कितीदा. याला शून्य मार्क.

बॅरेजला पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते आणि गाईडनं उतरतानाच सांगितलं, पंचेचाळीस मिनिटं.

मी धर्माबाद तालुक्यातला आहे. बाभळी बंधारा आमच्या गावाहून लांब नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, गोदावरीवर नांदेड जिल्ह्यात शेवटी शेवटी हा बंधारा आहे, १४ दरवाजे, पावणेतीन टीएमसीच्या आसपास पाणी, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं दरवर्षी १ जुलैला ते सगळे दरवाजे वर उचलायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत तसेच ठेवायचे. म्हणजे ऐन पावसाळ्यात पाणी आमच्यासमोरून खाली तेलंगणात जातं आणि पाऊस सरल्यावर जे येईल ते आम्ही अडवायचं. लहानपणापासून दारं उचलायचा दिवस आणि दारं टाकायचा दिवस हे आमच्या घरात पोळ्यासारखे लक्षात असतेत. त्यामुळं नदीच्या तोंडाला, समुद्राला लागून दरवाजे टाकून पाणी अडवलंय हे जेव्हा सेकंड इयरला सरांनी शिकवलं तेव्हापासून मला ते डोळ्यानं बघायचं होतं.

मरीना बॅरेज २००८ ला झाला. साडेतीनशे मीटर लांब, ९ क्रेस्ट गेट, आणि एका बाजूला पंपहाऊस. एका हाताला समुद्र, जहाजं उभी, खारं पाणी. दुसऱ्या हाताला गोडं पाणी आणि त्याच्या पलीकडं सगळ्या उंच उंच बिल्डिंगा. मधल्या पुलावरून चालताना डावीउजवीकडं मान वळवली की दोन पाणी दिसतेत आणि रंगसुद्धा थोडा वेगळा वाटतो. आधी ही खाडी होती, भरतीचं पाणी आत यायचं. दरवाजे टाकल्यावर पाऊस पडेल तसं खारं पाणी हळूहळू बाहेर जाऊन आतलं गोडं होत गेलं आणि २०१० ला ते पिण्याच्या पाण्याचं तळं म्हणून जाहीर झालं, त्यांचं पंधरावं. पाणलोट दहा हजार हेक्टर, म्हणजे देशाचा सहावा भाग, आणि तो सहावा भाग जंगल नाही बरं का, भर शहर आहे. रस्त्यावर पडलेला पाऊस, गच्चीवरचा पाऊस, सगळा नाल्यांतून इथं येतो. सांडपाण्याची लाईन पूर्ण वेगळी, पावसाच्या नाल्याची वेगळी, म्हणून हे जमतं.

गेटचं काम समजून घ्यायला मी बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिलो. आपल्याकडं बाभळीला दार वर उचलतात आणि पाणी खालून जातं. इथं गेट खालच्या बाजूला बिजागरीवर आहे, हायड्रॉलिकनं ते आडवं झोपतं आणि पाणी त्याच्यावरून समुद्रात जातं. जोराचा पाऊस आला आणि समुद्राला ओहोटी असेल तर गेट झोपवायचे, जास्तीचं पाणी आपोआप बाहेर. पण पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर गेट उघडले की समुद्रच आत येईल, म्हणून तेव्हा गेट बंद ठेवून पंप लावायचे. ७ पंप आहेत, एकेक पंप सेकंदाला ४० घनमीटर पाणी फेकतो. हा आकडा वाचून सोडू नका, ४० घनमीटर म्हणजे ४० हजार लिटर, म्हणजे चार मोठे टँकर, एका सेकंदात, एका पंपाचं. काचेतून ते पंप दिसतेत, आम्ही गेलो तेव्हा बंद होते, तरी नुसतं बघूनच पोरं गप्प झाली. चायना टाऊन, जालान बेसार हे सखल भाग आधी पावसात पाण्याखाली जायचे, ते यामुळं वाचतेत. म्हणजे एकच बांधकाम पाणी साठवतं आणि पूरपण अडवतं.

तिथूनच दादांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडं दुपारचे दीड वाजले होते, अडीच तासांचा फरक आहे, ते शेतात हरभऱ्याला पाणी द्यायलेत. मी कॅमेरा फिरवून दोन्ही बाजू दाखवल्या, गेट दाखवले. दादांनी सगळं बघून एकच विचारलं.

"दारं उघडायला तिथं कुणाचा हुकूम लागतो?"

म्हणलं, "हुकूम नाही दादा, पाऊस किती अन् समुद्राला भरती हाय का ओहोटी ते बघून उघडतेत. कंट्रोल रूम हाय वर."

ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणले, "बेस हाय. नीट बघून घे सगळं, घाई करू नको."

घाई करू नको म्हणले आणि इकडं गाईड शिट्टी वाजवायलाय. तेव्हा मी आणि आणखी काही जण सरांकडं गेलो. त्या रात्री टूरवाल्यांची 'नाईट सिटी टूर' होती, पॅकेजच्या बाहेरची, माणशी ४,२०० रुपये वेगळे, आणि ज्यांना जायचं नाही त्यांना हॉटेलवर सोडणार होते. आम्ही म्हणलं सर, आम्हाला हॉटेलवर सोडू नका, इथंच राहू द्या, आम्ही मेट्रोनं येतो. सरांनी आधी नाही म्हणलं. मग मॅडम म्हणल्या की मी थांबते यांच्यासोबत. अट अशी की सगळ्यांनी एकत्र राहायचं, लोकेशन शेअर चालू ठेवायचं आणि साडेअकराच्या आत हॉटेल. आम्ही अकरा जण राहिलो, त्यात तीन मुली. मॅडमनी त्या दिवशी जे केलं ते आम्ही कुणीच विसरणार नाही, दिवसभर चालून त्यांचे पाय दुखत होते तरी थांबल्या.

बॅरेजच्या पंपहाऊसवर हिरवळीचं छत आहे, उतारानं वर चालत जाता येतं, तिकीट नाही. संध्याकाळी तिथं अख्खी कुटुंबं चटया टाकून बसतेत, पोरं पतंग उडवतेत, समुद्राचा वारा एवढा की पतंग हातातनं सुटायची भीती. आम्हीपण गवतावर बसलो. माझा रूममेट लातूरचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, तेव्हा हा सातवीत होता. त्याच्या आजीसोबत तो टँकरच्या रांगेत घागरी लावून बसायचा, घागरीला खुणेचं फडकं बांधलेलं असायचं म्हणजे बदलाबदली होऊ नये. त्यानं मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणला, "त्या पहिल्या गाडीतलं सगळं पाणी हा एक पंप बारातेरा सेकंदांत फेकल बघ." मी मोबाईलवर करून बघितलं, बरोबर होतं, साडेबारा सेकंद. त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ नुसतं पाण्याकडं बघत बसलो.

सिंगापूरलासुद्धा पाणी मुबलक नाही हे लक्षात घ्या. पाऊस भरपूर पण साठवायला जागा नाही, म्हणून चार ठिकाणांहून पाणी घेतेत, आपल्या पावसाचं, मलेशियाच्या जोहोरमधून १९६२ च्या कराराप्रमाणं येणारं, सांडपाणी शुद्ध करून केलेलं न्यूवॉटर जे २००३ पासून आहे, आणि समुद्राचं गोडं केलेलं. तो जोहोरचा करार २०६१ ला संपतो आणि त्याची तयारी त्यांनी कधीच सुरू केली. शेजाऱ्याशी पाण्याचा करार काय असतो हे बाभळीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बॅरेज पाचपैकी पाच, आणि पंचेचाळीस मिनिटं नाही, किमान तीन तास द्या, शक्यतो चारनंतर जा म्हणजे ऊन कमी होतं आणि वर पतंग असतेत.

तिथून पुढं रात्र. बॅरेजवरून पाण्याच्या कडेकडेनं चालत गार्डन्स बाय द बेला जाता येतं, मस्त रस्ता आहे, सायकलवाले, पळणारे लोक, कुत्री फिरवणारे. तिथं ती लोखंडी झाडं आहेत, सुपरट्री, २५ ते ५० मीटर उंच, अंगावर खरी झाडं वेली लावलेली. रोज पावणेआठ आणि पावणेनऊला गाण्यावर लाईटचा शो असतो, पंधरा मिनिटांचा, फुकट. टीप एकच, खाली सरळ जमिनीवर पाठ टेकून झोपा, सगळे झोपतेत, कुणी काही म्हणत नाही. उभं राहून मान दुखती. वरच्या झुलत्या पुलाचं तिकीट आहे ते आम्ही नाही घेतलं आणि नाही घेतल्याचं वाईट वाटलं नाही.

नऊ वाजता मरीना बेच्या काठावर दुसरा शो, स्पेक्ट्रा, पाण्याच्या कारंज्यावर लेझर आणि चित्रं, तोही पंधरा मिनिटं आणि तोही फुकट. आठ आणि नऊला असतो, शुक्रवार शनिवारी दहालापण. लाकडी पायऱ्यांवर बसायला जागा असते, पंधरा मिनिटं आधी गेलात तर पुढं बसता येतं. आमची बाकीची बस नेमकी तिथंच आली होती, ४,२०० वाली, आणि तेसुद्धा तोच शो त्याच पायऱ्यांवर बसून बघायलेत. हे मी त्यांना कमी दाखवायला सांगत नाही, त्यांना बोटीतली फेरीपण होती आणि ती चांगली झाली असं सगळेच म्हणले, ज्यांना चालायचं जमत नाही त्यांनी बोट जरूर करा. फक्त बोटीचं तिकीट तिथं आपण स्वतः काढू शकतो आणि त्यासाठी एवढे पैसे लागत नाहीत.

भूक लागली होती म्हणून लाऊ पा सातला गेलो. हे १८९४ चं जुनं मार्केट, आठ कोनी, ओतीव लोखंडाचे खांब आणि कमानी ग्लासगोहून आणलेल्या. सिव्हिलवाल्यांनी आत जाऊन नुसतं वर बघायचं, एकेक जोड, एकेक नक्षी, आजूबाजूला सगळ्या काचेच्या इमारती आणि मधे हे. रात्री सातनंतर बाजूचा बून टॅट स्ट्रीट गाड्यांसाठी बंद करतेत आणि भर रस्त्यात टेबलं टाकतेत, साते मिळतं, म्हणजे कोळशावर भाजलेल्या मांसाच्या काड्या, सोबत शेंगदाण्याची दाटसर चटणी. धूर एवढा की डोळ्याला पाणी. चटणीची चव थोडी आपल्या शेंगदाण्याच्या महाद्याजवळ जाते पण गोड. ज्यांना बीफ चालत नाही त्यांनी आधी नक्की विचारा, चिकन, मटण, बीफ, कोळंबी सगळं एकाच ताटात मिक्स देतेत, 'फक्त चिकन' असं स्पष्ट सांगा. शाकाहारी मंडळींनी तोपर्यंत दम धरला आणि रात्री लिटल इंडियात डोसा खाल्ला, आमचं हॉटेल तिकडंच होतं. दुसऱ्या दिवशी ते कोमला विलासलापण जाऊन आले, सेरंगून रोडवरचं १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी हॉटेल, डोसा आणि फिल्टर कॉफीनं खूश होऊन आले. शाकाहारी असाल तर जेवणाचा प्लॅन लिटल इंडिया धरूनच करा.

आणि मग क्लार्क की. सगळ्यांना ज्याचं विचारायचं असतं ते नाईटलाईफ म्हणजे हे. सिंगापूर नदीच्या काठाला जुनी मालाची गोदामं, ती रंगवून त्यात पब, हॉटेलं, क्लब केलेत, वर छत्र्यांसारखं छत आहे म्हणून पाऊस आला तरी चालू राहतं. गाणी, लाईट, जगभरची माणसं. स्पष्टच सांगतो, आत बसायला महाग आहे, एक बिअर पंधरा डॉलरच्या पुढं, म्हणजे हजार रुपये. प्यायचं वय तिथं १८ आहे, पण रात्री साडेदहानंतर दुकानातून दारू विकत मिळत नाही आणि सार्वजनिक जागेत पिणं बंद, २०१५ पासून कायदा आहे, आणि तिथं कायदा म्हणजे कायदा. आमच्यातल्या कुणी घेतली नाही, मॅडम सोबत होत्या म्हणून नाही, त्या पैशात दोन वेळचं जेवण होतं म्हणून. पण पैसे न घालवता क्लार्क की बघता येतं हे मला सांगायचंय. रीड ब्रिज म्हणून १८८९ चा पूल आहे, माणसांनी चालायचा, त्याच्यावर तिथलीच कॉलेजची पोरंपोरी गोल करून जमिनीवर बसलेली असतेत, कुणी गिटार घेऊन, कुणी नुसत्या गप्पा. आम्हीपण त्यांच्या शेजारी बसलो.

तिथं बसल्यावर माझ्या डोक्यात आलं की खालून जे पाणी चाललंय ते दुपारी बघितलेल्या दरवाजांकडंच चाललंय. ही नदी त्या तळ्यालाच मिळते. म्हणजे हे सगळे पब, नाचगाणी, रोजची हजारो माणसं पिण्याच्या पाण्याच्या काठावर बसलेली आहेत, आणि पाण्यात एक बाटली नाही, एक पिशवी नाही. ही नदी आधीपासून अशी नव्हती. १९७७ मध्ये तिथले पंतप्रधान ली कुआन यू यांनी दहा वर्षांत ही नदी साफ करा म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्यात डुकरांच्या गोठ्यांची घाण, गाड्यांवरच्या खाण्याचा कचरा, बोटींचं तेल सगळं यायचं. नुसती नदी उपसली नाही, घाण जिथून येते ती ठिकाणं हलवली, फेरीवाल्यांना ओळीनं गाळे बांधून दिले, दुपारी आम्ही जेवलो तशीच हॉकर सेंटरं, आणि १९८७ पर्यंत काम पूर्ण केलं. नांदेडला गोदावरीचा घाट आहे, गुरुद्वाऱ्याचे लाईट रात्री पाण्यात पडतेत तेव्हा ते दृश्य कुठल्याही शहरापेक्षा कमी नाही, मी लहानपणापासून बघतो. पण आमचे नाले अजून त्याच पाण्यात येतेत आणि रात्री काठावर बसायचं म्हणलं तर वासानं उठावं लागतं. दहा वर्षं. फायनल इयरच्या पोराला दहा वर्षं म्हणजे बत्तीसावं वय, एवढंच.

आमच्यातली एक मैत्रीण कंधारकडची आहे, ती पुलाच्या कठड्याला टेकून म्हणली, "रात्रीचे साडेदहा वाजलेत अन् मी नदीवर बसलेय, घरी सांगितलं तर खरं वाटणार नाही." मुलींच्या आईवडिलांनी हे वाचत असाल तर सांगतो, तिन्ही मुलींनी परत आल्यावर स्वतः सांगितलं की एकदाही कुणी वाकडं बघितलं नाही, मेट्रोत रात्री अकराला एकट्या बायका पुस्तक वाचत चालल्या होत्या. मेट्रो बारा वाजेपर्यंत असते, क्लार्क कीवरून लिटल इंडिया दोनच स्टेशन आहे, त्याच्या पुढचं फेरर पार्क, तिथं उतरलं की मुस्तफा सेंटर, घरच्यांसाठी सामान तिथंच घ्या, त्या चॉकलेटच्या दुकानापेक्षा तिथं स्वस्त पडलं आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. मेट्रोत खायचं प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड.

सव्वाअकराला हॉटेलात होतो. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत माझे साते, मेट्रो आणि एक लिंबूपाणी धरून चोवीस डॉलर गेले. रात्र पाचपैकी पाच.

टूरवाल्यांच्या फीडबॅक फॉर्मवर मी हे सगळं लिहून दिलंय आणि सरांनी पुढच्या बॅचसाठी दुकानाचा थांबा काढून बॅरेजला अर्धा दिवस मागितलाय, त्यांनी तोंडी हो म्हणलंय, लेखी अजून आलं नाही, पुढच्या बॅचनं ते आलं का विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

रूममेटनं निघायच्या दिवशी हॉटेलच्या नळाचं पाणी एका बाटलीत भरून मोठ्या बॅगेत टाकलं. तिथं नळाचं पाणी तसंच पितेत. लातूरला गेल्यावर आजीला दिलं आणि सगळं सांगितलं, दरवाजे, पंप, समुद्र. आजीनं दोन घोट पिऊन विचारलं म्हणे, "रोज येतंय का तिथं नळाला?" तो म्हणला, "रोज, दिवसभर." आजीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि उरलेलं पाणी देवळीत नेऊन ठेवलं.